कमांड घे, पण दोन गावांत राहू नकोस

नाशिक,
१० फेब्रुवारी २०२६

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

कमांड अपग्रेडच्या यादीत तुझं नाव लागलं हे वाचून ऊर भरून आला. आपल्या घराण्यात आजवर कॅप्टन मी एकटीच होते, आता दुसरा होतो आहे. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, तू ही बातमी सांगितलीस तेव्हा त्यानं डाव्या हातानं तुझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही, असं वहिनी फोनवर सांगत होती. उजवा हात अजून उचलत नाही का? पुढच्या मेलमध्ये नीट कळव.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. कमांड मिळणार, पण बेस कलकत्ता. घर पुण्यात, सूनबाईचं फिजिओथेरपीचं क्लिनिक कोथरूडला, चिमी सीनियर केजीत, आणि दादा डिसेंबरातल्या अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अजून आधाराशिवाय उभा राहत नाही. तू लिहितोस, 'कमांड घेतो आणि सुटीला पुण्याला येत-जात राहतो. नाहीतरी आता पुणे-मुंबई करतोच आहे. जमेल ना, आत्या?'

नाही जमणार. कमांड घ्यायला माझी हरकत नाही आणि कलकत्त्यालाही नाही. माझी हरकत या येण्याजाण्याला आहे. ती का, हे सविस्तर लिहिते. तुझ्या कंपनीतली मंडळी तुला हे सांगणार नाहीत, आणि घरची माणसं तुझ्या आनंदावर पाणी पडेल म्हणून बोलणार नाहीत.

आधी कमांडचं मोल. अशा वेळी पुष्कळ वडीलधारे पद आणि पैसा यांना नावं ठेवून मोकळे होतात. मी तसं करणार नाही. उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत बसणं म्हणजे केवळ खांद्यावरच्या तीन पट्ट्यांच्या चार होणं नव्हे. विमान, प्रवासी आणि निर्णय, सगळं तुझ्या सहीवर येतं. माणूस त्यानं वाढतो. पगारातही मोठी उडी असते, आणि टाइप रेटिंगच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत हे मला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या धंद्यातली माणसंच समजू शकतात. सीनियॉरिटी कंपनीपुरती असते. कंपनी बंद पडली की ती कागदासारखी उडून जाते. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ च्या रात्री, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. जेट थांबली तेव्हा कमांडच्या उंबरठ्यावर असलेली कितीतरी मुलं दुसरीकडे जाऊन पुन्हा यादीच्या तळाशी उभी राहिली. ज्यांच्या लॉगबुकात कमांडर म्हणून पुरेसे तास जमा होते, त्यांना इतर कंपन्यांनी थेट डाव्या खुर्चीत घेतलं. पीआयसीचे, म्हणजे कमांडर म्हणून उडवलेले, तास तुझे असतात. ते कुठलीही कंपनी परत मागत नाही. म्हणून कमांड घ्यायचीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती केव्हा आणि कशी घ्यायची, एवढाच विचार करायचा आहे.

तो करताना घाबरून जाऊ नकोस. 'ही संधी गेली तर पुन्हा कधी' असं तू लिहिलं आहेस. आज देशात परिस्थिती काय आहे ते बघ. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानांची मागणी जाहीर केली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची. ही विमानं वर्षानुवर्षं येत राहणार आहेत, आणि प्रत्येक विमानाला कमांडर लागणार आहेत. गेल्या डिसेंबरात ड्यूटीच्या नव्या नियमांप्रमाणे रोस्टर बसवता आलं नाही म्हणून देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, ते तू जवळून पाहिलंस. कमांडरांची गरज आज कंपन्यांना आहे. तू तेहतीस वर्षांचा. नियमाप्रमाणे पासष्टीपर्यंत उडू शकशील. बत्तीस वर्षांच्या कमांडमधले सहा-आठ महिने पुढेमागे झाले तर तुझं काय कायमचं बुडणार आहे? तुझ्यामागच्या दोन-तीन बॅचेस पुढे जातील, हे खरं. मनाला लागेल, हेही खरं. पण चिमीला पहिलीत गेलेली बघायची संधी पुढच्या बॅचमध्ये पुन्हा मिळत नाही.

आता येण्याजाण्याचं. तू म्हणतोस, नव्या नियमांनी आठवड्याची सुटी छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस झाली, त्यात दोन रात्री असायलाच हव्यात, म्हणजे घरी दोन रात्री मिळतील. कागदावर पेन घेऊन मांडून बघ. समज, मंगळवारी रात्री अकराला कलकत्त्यात ड्यूटी संपली आणि पुढचं रिपोर्टिंग शुक्रवारी पहाटे पाचला आहे. मंगळवारची रात्र कलकत्त्यातच गेली. बुधवारी सकाळचं विमान मिळालं तर दुपारी तू कोथरूडला. चिमी शाळेतून येऊन झोपलेली. संध्याकाळी दादाला फिरवून आणलंस, रात्री जेवणं झाली, सूनबाईशी चार शब्द बोललास. गुरुवारी मात्र शेवटच्या विमानाच्या भरवशावर राहता येणार नाही, त्याच्या आधीचं धरायचं. म्हणजे दुपारी जेवून उठलास की बॅग. रात्री खोलीवर पोचायला अकरा, आणि तीनला गजर. सुटी दोन दिवसांची, घरी मिळाली एक रात्र, आणि उड्डाणाआधीची झोप चार तासांची. नियम ज्या झोपेसाठी केला, ती झोपच आपण विमानात बसून खर्च केली.

हे सगळं सुरळीत झालं तर. स्टाफ तिकीट म्हणजे जागा उरली तर मिळणार. गणपतीत पुण्याकडे येणारी विमानं भरलेली, दुर्गापूजेला कलकत्त्याकडे जाणारी भरलेली, दिवाळीत आणि मे महिन्यात दोन्हीकडची. म्हणजे ज्या दिवसांत घरी असावं असं वाटतं, नेमक्या त्याच दिवसांत जागा नाही. डिसेंबर-जानेवारीत पूर्वेकडे धुकं, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी कालबैसाखीची वादळं, जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस. लोहगावची धावपट्टी हवाईदलाची, तिथे त्यांची गरज आधी. एखाद्या वेळी ड्यूटीला वेळेत पोचला नाहीस तर तो नो-शो नव्या कमांडरच्या फाइलवर लागतो. आणि स्टँडबायचे दिवस? ते कलकत्त्यात खोलीवरच काढावे लागतील. घरून निघून तासाभरात रिपोर्ट करायचं म्हणजे पुण्यातून शक्य नाही.

आताचं तुझं पुणे-मुंबईही मला सुखाचं वाटत नाही, तेही इथेच लिहिते. खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की चार तासांचे सहा होतात. पहाटेच्या रिपोर्टिंगसाठी तू मध्यरात्री गाडी काढतोस, आणि तीही स्वतः चालवतोस. युरोपातल्या विमान-सुरक्षा नियमांच्या मार्गदर्शनात एक साधी सूचना आहे: घरापासून बेसपर्यंतचा प्रवास नेहमी दीड तासापेक्षा जास्त होत असेल, तर वैमानिकानं बेसजवळ तात्पुरत्या राहण्याची सोय करण्याचा विचार करावा. ही सूचना कंपनीला उद्देशून नाही, वैमानिकाला आहे. घरून बेसपर्यंतचा प्रवास ड्यूटीत धरला जात नाही, त्यामुळे त्या थकव्याचा हिशेब रोस्टरच्या कुठल्याही रकान्यात येत नाही. तो ठेवणारं माणूस तू एकटाच.

तुला कोल्गनचा अपघात ट्रेनिंगमध्ये शिकवला असेल, पण स्टॉलचा धडा म्हणून. मी तुला तो घराच्या बाजूनं सांगते. १२ फेब्रुवारी २००९ ची रात्र. नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं डॅश-८ क्यू-४०० विमान उतरण्याच्या बेतात असताना बफेलोजवळच्या एका घरावर कोसळलं. विमानातली ४९ आणि त्या घरातलं एक, अशी ५० माणसं गेली. विमानाचा वेग कमी होत गेला, स्टिक शेकरनं इशारा दिला, आणि कॅप्टननं कंट्रोल पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. चौकशीत कारण म्हणून हीच चूक नोंदली गेली. पण त्या दोघांचे आदले दिवस बघ. दोघांचाही बेस नेवार्क, आणि दोघांचंही घर तिथे नव्हतं. को-पायलट चोवीस वर्षांची मुलगी, राहायची सिअ‍ॅटलजवळ, देशाच्या दुसऱ्या टोकाला. अमेरिकेत एका कंपनीच्या वैमानिकाला दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमधल्या जादा आसनावर बसून जाता येतं. तशी ती मालवाहू विमानांतून, मेम्फिसला विमान बदलून, रात्रभर प्रवास करत सकाळी नेवार्कला पोचली आणि क्रू रूममध्ये कोचावर पडली. कॅप्टनचं घर फ्लोरिडात. त्यानंही आदली रात्र क्रू रूममध्येच काढली होती. पहाटे तीनच्या सुमारास तो कंपनीच्या कॉम्प्युटरवर लॉग-इन झाल्याची नोंद आहे. तपास यंत्रणेनं लिहिलं की दोघांच्या कामगिरीवर थकव्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, पण तो किती हे खात्रीनं सांगता येत नाही.

त्या शेवटच्या वाक्यापाशी मी नेहमी थांबते. दारू मोजता येते. ड्यूटीआधी तू नळीत फुंकर मारतोस, आकडा शून्य आला की विमानाकडे जातोस. न झालेली झोप कुठल्या नळीत उमटत नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की सतत सतरा तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या समन्वयाच्या चाचणीत रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मागे पडतो. आपल्याकडे तेवढं मद्य रक्तात घेऊन कुणी विमानाच्या जवळही फिरकू शकत नाही. बुधवार-गुरुवारची ती धावपळ करून तू शुक्रवारी पहाटे डाव्या खुर्चीत बसशील तेव्हा तुझा आकडा शून्यच येईल, आणि शेजारी नुकताच लाइनवर आलेला, दोन-तीनशे तासांचा मुलगा असेल. आजवर थकलेल्या दिवशी तुझ्या डावीकडे कुणीतरी अनुभवी बसलेलं असायचं. आता ते माणूस तूच.

फटीग रिपोर्ट करता येतो, असं तू म्हणशील. येतो, आणि करायलाच हवा. मी तुझ्या जागी असते तर एकदाही मागेपुढे पाहिलं नसतं. पण बाहेरगावाहून येणाऱ्या माणसाची जीभ तिथे अडखळते, हे मी पुष्कळ जणांच्या बाबतीत पाहिलं. कंपनीनं विश्रांती पूर्ण दिलेली असते. ती कुठे गेली, हे सांगायची वेळ आली की माणूस गप्प बसतो आणि विमानात चढतो. मला सगळ्यांत जास्त भीती याची वाटते.

आता घराबद्दल. माझ्या एका सहकाऱ्याचं घर नागपूरला आणि बेस दिल्ली. फार सज्जन माणूस, एक सुटी वाया घालवत नसे. प्रत्येक वेळी नागपूर गाठायचाच. चार-पाच वर्षांनी त्याची बायको माझ्याशी मोकळेपणानं बोलली. ती म्हणाली, 'ताई, हे येतात तेव्हा आम्ही सगळे चवड्यांवर चालतो. ते झोपलेले असतात, नाहीतर निघायच्या घाईत असतात. मुलांना काही हवं असलं की ती माझ्याकडेच येतात, आणि त्याचं यांना वाईट वाटतं. मग मी मुलांना सांगते, बाबांना विचारा. मुलं विचारतात, पण उत्तर मलाच द्यावं लागतं, कारण शाळेत काय चाललं आहे हे यांना माहीत नसतं.' त्या घरात भांडण नव्हतं, प्रेमही कमी नव्हतं. पण त्याच्यावाचून घर चालवायची एक पद्धत बसून गेली होती आणि तो त्या पद्धतीत कुठे बसत नव्हता. नुसतं येऊन जाणं आणि घरात असणं यांतलं अंतर मला त्या बाईनं शिकवलं.

मला कमांडच्या वेळी हैदराबाद मिळालं होतं. तुझे आतोबा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात, त्यांची नोकरी सुटण्यासारखी नव्हती. तेव्हा आईला, म्हणजे तुझ्या आजीला, घेऊन मी आणि तुझा आतेभाऊ हैदराबादला राहायला गेलो. आम्ही एक ठरवलं होतं: उडणाऱ्या माणसानं प्रवास करायचा नाही. आतोबा महिन्यातून एकदा रेल्वेनं यायचे, मोठ्या रजेत आम्ही नाशिकला जायचो. एक-दोन दिवसांच्या सुटीत मी हैदराबाद सोडलं नाही. त्यांना ते जड गेलं, मलाही गेलं. पण मुलाला रोज रात्री कुणाच्या कुशीत झोपायचं हे माहीत होतं, आणि मी झोप पूर्ण करून विमानात जात होते. त्या वर्षांत मला ओळखीचे, अनोळखी सगळे विचारायचे, 'मुलाचं कसं करता?' माझ्याबरोबर कमांड झालेल्या पुरुषांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. आज तू कुणी न विचारता स्वतःच हा प्रश्न माझ्यापुढे ठेवलास. हे वाचताना तुझ्याबद्दल जी माया दाटून आली ती इथे लिहून ठेवते. आणि ज्या कलकत्त्याला तुला जायचं आहे, तिथूनच नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फोकर फ्रेंडशिप विमान सिल्चरला नेलं, सगळा क्रू बायकांचा. देशातलं तसं ते पहिलं उड्डाण. आमच्या पिढीतल्या मराठी मुलींना त्या बातमीनं केवढं बळ दिलं! तेव्हा कलकत्ता नको असं मी का म्हणेन?

सूनबाईशी नीट बोललास का? तुझ्या मेलमध्ये 'तिची काही हरकत नाही' एवढंच आहे. तिला 'चालेल ना?' असं विचारलंस तर ती 'चालेल'च म्हणेल. चहा ठेवून शांतपणे बसा आणि तिला विचार, की पुढची तीन वर्षं तिच्या मनात कशी आहेत. ते क्लिनिक तिनं शून्यातून उभं केलं. पेशंट तिच्या हाताच्या भरवशावर येतात, आणि ती माणसं कलकत्त्याला बरोबर नेता येत नाहीत. आखातात गेलेल्या तुझ्या मित्रांचं उदाहरण तू दिलंस. तिथे कंपनी कुटुंबासाठी घर देते, मुलांच्या शाळेला मदत करते, आणि कुटुंब बेसवरच राहतं. त्यामुळे त्या मुलांना तुझ्यासारखं धावावं लागत नाही. पण त्यांच्यापैकी किती जणांच्या बायकांनी आपलं काम सोडलं, तेही बघ.

आता दादा. तू लिहिलं नाहीस, पण मला कळतं. तुझ्या वैमानिकाच्या परवान्यासाठी, सीपीएलसाठी, त्यानं राहतं घर गहाण ठेवलं. तो हिंडता-फिरता असताना तुझ्या खांद्यावर चार पट्ट्या त्याला दाखवायच्या राहिल्या, आता उशीर व्हायला नको, असं तुझ्या मनात आहे. बाळ, मी त्याची बहीण आहे. पासष्ट वर्षं त्याला ओळखते. त्यानं ते घर तुला कॅप्टन करण्यासाठी गहाण ठेवलं नाही. तू आकाशाकडे बघत राहायचास, तुला ते मिळावं म्हणून ठेवलं. ते तुला मिळून कैक वर्षं झाली. त्याचं तुझ्याकडे काही येणं नाही. आज त्याला काय हवं आहे, ते सूनबाईला विचार, तिचा तो विषयच आहे. झटक्यानंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते, पुढे ती मंदावते. हे दिवस जूनपर्यंत आहेत. या दिवसांत त्याला धरून उभं करायला, चार पावलं जास्त चालवून घ्यायला घरात एक तगडं माणूस लागतं. वहिनीच्या गुडघ्यांनी ते होणार नाही.

म्हणून माझं मत असं. कंपनीला या आठवड्यात पत्र दे. कमांड नाकारतो असं लिहू नकोस. वडिलांच्या आजारपणामुळे जूननंतरच्या बॅचमध्ये नाव घ्यावं, अशी विनंती कर. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोड. तोंडी कुणाशी ठरवू नकोस, उत्तरही लेखी माग. बहुतेक ते मान्य करतील. आज त्यांनाही माणसं टिकवायची आहेत. समजा मान्य केलं नाही आणि 'आता किंवा नाही' असं म्हणाले, तर नाही म्हण. एखादं वर्ष गेल्याचं दुःख होईल, पण ते भरून निघणारं आहे.

त्याच पत्रात मुंबई किंवा नवी मुंबई बेसची पसंती नोंदव. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबरला सुरू झाला. तिथलं काम वाढत जाईल तशी तिथे माणसंही लागतील, आणि पुण्याहून निघून पनवेलजवळच गाडी थांबवता येणं हे सांताक्रूझला जाण्यापेक्षा कितीतरी बरं. तरी पहाटेच्या ड्यूटीच्या आदल्या रात्री तिथे राहायची खोली करच. हे आजपासूनच कर, कमांडची वाट न बघता. महिन्याला काही हजार जातील, जाऊ देत.

आणि जूननंतर कलकत्ताच मिळालं तर? तर जायचं, पण तिथलं होऊन जायचं. सूनबाई आणि चिमी बरोबर येणार असतील तर उत्तम. येणार नसतील तर तू एकटा, पण पूर्ण तिथे. आठ जणांच्या खोलीतला एक पलंग घेऊ नकोस. राजारहाट, न्यू टाउनच्या बाजूला दोन खोल्यांचं नीट घर घे, विमानतळ जवळ पडतो. तिथे सूनबाई, चिमी आणि वहिनी मे महिन्यात येऊन राहू शकतील. दिवाळीच्या सुटीत पुन्हा. चिमीला हुगळीवरच्या होडीतून फिरवून आण, हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात घेऊन जा. तुझं ट्रेनिंग आणि लाइन रिलीज होईपर्यंत आणि त्यानंतर निदान सहा महिने पुण्याला यायचं ते फक्त सलग रजा मिळाली तरच. एक-दोन दिवसांच्या सुटीत झोप, जेव, पुस्तकं वाच, चिमीशी रोज एकाच ठरलेल्या वेळी फोनवर बोल. पहिल्या सहा महिन्यांत कमांडर घडतो किंवा बिघडतो. ते महिने धावपळीत घालवायचे नाहीत. दोन वर्षांची मुदत ठरवा, तुम्ही दोघांनी मिळून, आणि मुदत संपली की पुन्हा बसून बोला.

सही करण्याआधी दोन गोष्टी तपास. कमांड ट्रेनिंगचा बाँड किती वर्षांचा आहे, आणि बेस बदलून मिळण्याचा नियम लेखी आहे की मॅनेजरच्या मर्जीवर. शिवाय २०१७ पासून फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कमांडरला एक वर्षाची. म्हणजे कलकत्त्यात जीव रमला नाही तरी एक वर्ष तू हलू शकणार नाहीस. हे सूनबाईलाही आधीच माहीत असू दे.

दादाची काळजी तुझी एकट्याची नाही. आतोबांशी बोलले आहे. मार्चपासून आम्ही दोघं पुण्यात येऊन राहतो. वहिनीला बदली माणूस मिळेल, आणि दादाला माझ्याशी भांडायला मिळालं की त्याची जीभ लवकर सुटेल. सकाळचे व्यायाम मी करून घेईन. सूनबाईनं मला एकदा नीट दाखवून द्यावेत. ती क्लिनिकला जाण्याआधीची वेळ सांग, त्याप्रमाणे मी उठेन.

कंपनीच्या ऑफर लेटरची आणि ट्रान्सफर पॉलिसीची प्रत मला मेल कर. विनंतीच्या पत्राचा मसुदा मी शनिवारपर्यंत लिहून पाठवते. तू त्यात हवे ते बदल कर, आणि पाठवण्याआधी सूनबाईला वाचायला दे.

चिमीला गोड पापा. वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या